किशोरवयीन मुलांसोबत शहराची सहल: कुणी काय ठरवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सोळाची, मुलगा तेराचा. आईवडिलांना पाच-सहा दिवस एखाद्या मोठ्या शहरात घालवायचे आहेत. मागच्या सहलीत दोन्ही मुलं सकाळी उठायला तयार नव्हती, संग्रहालयात बाकावर बसून राहिली आणि तिसऱ्या दिवशी ‘तुम्ही जा, आम्ही खोलीवरच थांबतो’ म्हणाली. या वेळी तसं होऊ नये यासाठी कोणतं शहर निवडावं आणि मुलांना काय काय दाखवावं?

कुटुंबांच्या सहली आखून देणं हे माझं काम आहे आणि हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. त्यातला ‘काय दाखवावं’ हा भाग आधी बाजूला ठेवू. आठ वर्षांच्या मुलाला दाखवावं लागतं. सोळा वर्षांच्या मुलीला कुणी काही दाखवायला लागलं की तिचा चेहरा पडतो, मग समोर आयफेल टॉवर का असेना. शहरं या वयाला आवडतात. कुणाच्या तरी मागे मागे चालणं आवडत नाही. म्हणून आधी तीन गोष्टी ठरवा: सहलीतलं काय काय मुलं ठरवणार, किती पैसे त्यांच्या हातात असणार आणि किती वेळ ती तुमच्याशिवाय फिरणार. बाकीची आखणी या तिन्हींच्या भोवती बसवायची.

सुरुवात तारखांपासून, तीही तिकिटं काढण्याआधी. सोळाव्या वर्षी मुलांचं स्वतःचं वेळापत्रक असतं. परीक्षा तुम्हाला माहीत असतात. सामना, नाटकाची तालीम, मैत्रिणीचा वाढदिवस माहीत नसतो. तुमच्या दृष्टीने वाढदिवस किरकोळ, पण तो चुकला तर सहलीचे पहिले दोन दिवस त्याच्या रुसव्यात जातात. ‘मला यायचंच नाही’ म्हणणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांची खरी तक्रार तारखेबद्दल असते. ती कुणी विचारलेली नसते, इतकंच.

शहराची निवड करताना ‘कुठे जायचं?’ असा मोकळा प्रश्न घरात टाकू नका. उत्तर म्हणून जगातलं सगळ्यात महाग शहर येईल, तुम्ही नाही म्हणाल आणि मुलं ‘मग विचारलंच कशाला’ म्हणतील. पैसे, व्हिसा आणि प्रवासाचे तास पाहून तुम्हाला चालतील अशी तीन शहरं काढा आणि त्यांतलं एक मुलांना निवडू द्या. तिन्हींमध्ये एक गुण मात्र असायलाच हवा: गाडीशिवाय हिंडता आलं पाहिजे. लंडन, टोकियो, सिंगापूर, बर्लिन, न्यू यॉर्क, दिल्ली अशा मेट्रोच्या शहरांत तेरा वर्षांचा मुलगाही दोन दिवसांत वाटा शिकतो. जिथे प्रत्येक ठिकाणी बाबांनीच गाडीने सोडायचं असतं, तिथे तो मागच्या सीटवरच राहतो. आणि पाच-सहा दिवसांत शहर एकच. दोन शहरं घेतली की एक अख्खा दिवस बॅगा भरण्यात, स्टेशनवर आणि खोली मिळण्याची वाट पाहण्यात जातो. या वयाच्या मुलांना तिसऱ्या दिवशी शहराची ओळख पटायला लागते. नेमकं तेव्हाच त्यांना उचलून दुसरीकडे नेऊ नये.

राहण्याची जागा निवडताना लोक खोलीचे फोटो पाहतात. मी आधी नकाशा पाहते. मेट्रोचं स्थानक पाच-सात मिनिटांच्या चालीवर हवं आणि शहराच्या मधल्या भागात जायला गाडी बदलावी लागू नये. याचं कारण दुपार. उपनगरात स्वस्त हॉटेल घेतलं की सकाळी बाहेर पडलेलं कुटुंब थेट रात्रीच परततं, आणि चारच्या सुमाराला चौघंही दमून एकमेकांवर खेकसायला लागलेले असतात. खोली जवळ असेल तर दुपारी दीड-दोन तास परत येता येतं. मुलं मोबाइल घेऊन लोळतात, मित्रांशी बोलतात, तुम्ही पाठ टेकता आणि संध्याकाळी पुन्हा ताजी माणसं बाहेर पडतात. खोलीच्या आकारावर वाचवा, जागेवर वाचवू नका.

झोपण्याच्या व्यवस्थेबद्दल स्पष्टच सांगते. सोळाची बहीण आणि तेराचा भाऊ यांना एका सोफा-कम-बेडवर झोपवायचं वय गेलेलं आहे. दोन खोल्यांचं अपार्टमेंट किंवा आतून दार असलेल्या दोन खोल्या घ्या. आणखी परवडत असेल तर दोन स्वच्छतागृहं पाहा. सकाळची निम्मी भांडणं तिथेच मिटतात. आतून जोडलेल्या खोल्यांची मागणी बुकिंग करताना नुसती टिपून ठेवली की ती ‘शक्य झाल्यास’ या सदरात जाते. हॉटेलला थेट लिहा आणि लेखी होकार घ्या. मुलांची वयंही खरी टाका. कित्येक हॉटेलं बारा वर्षांपुढच्या मुलाला प्रौढ धरतात, जपानमध्ये तर खोलीचा दर बऱ्याचदा माणशी असतो. चौघांसाठी तिघांची खोली घेऊन रात्री दहाला काउंटरवर वाद घालण्यासारखी दुसरी वाईट सुरुवात नाही.

आता सकाळ. ‘दोघं उठायला तयार नव्हती’ हे तक्रारीच्या सुरात येतं, पण याला शरीर जबाबदार आहे. वयात येताना शरीराचं घड्याळ खरोखरच पुढे सरकतं. झोपेची वेळ झाल्याचं सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवायला लागतं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्सकॅडन यांचं या विषयावर अनेक वर्षांचं संशोधन आहे. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप हवी, असं झोपेच्या तज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेचं म्हणणं आहे. तिथल्याच बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली, तीही याच कारणाने. सुट्टीत सात वाजता हाक मारणं म्हणजे त्यांना अर्ध्या झोपेतून उठवणं.

तेव्हा बाहेर पडायची वेळ साडेदहा धरा. आधीचे दोन-तीन तास तुमचे. नवरा-बायकोने शांत रस्त्यावर फिरून या, मुलांना अजिबात नको असलेलं एखादं चित्रदालन उरकून घ्या. मुलांना झोपू दिल्याबद्दल त्यांच्यावर उपकार केल्यासारखं वागू नका. ही वेळ तुम्हालाही हवी असते. पहाटे उठायलाच लागेल अशी गोष्ट सहलीत एकच ठेवा आणि ती कोणती, हे सगळ्यांनी मिळून ठरवा. प्रवास खूप टाइमझोन ओलांडून असेल तर दिशा पाहा. पश्चिमेकडे गेलात तर पहिले दोन-तीन दिवस मुलंही पहाटे टक्क जागी असतात, पहाटेचा कार्यक्रम तेव्हाच उरका. पूर्वेकडे जाणं सगळ्यांनाच जड जातं, कारण झोप अलीकडे ओढावी लागते, आणि या वयाचं घड्याळ आधीच उलट्या दिशेला सरकलेलं असतं. तिकडे गेल्यावर पहिल्या दोन दिवसांत सकाळचं कुठलंही आरक्षण करू नका.

सकाळ सोडली तर संध्याकाळ मिळते, आणि शहरं संध्याकाळीच या वयाला भावतात. मोठी संग्रहालयंसुद्धा काही दिवस उशिरापर्यंत उघडी असतात. पॅरिसचं लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत, न्यू यॉर्कचं मेट्रोपॉलिटन शुक्रवारी आणि शनिवारी नऊपर्यंत, लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट शुक्रवारी दहापर्यंत. माद्रिदच्या प्राडोत सोमवार ते शनिवार शेवटचे दोन तास, सहा ते आठ, प्रवेशच मोफत. गर्दी ओसरलेली, मुलं पूर्ण जागी आणि बाहेर पडल्यावर दिव्यांनी उजळलेलं शहर. सकाळी साडेनऊच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

त्याच जोडीने बंद असण्याचे वार पाहून ठेवा. लूव्र मंगळवारी बंद, पॅरिसचंच ओर्से सोमवारी, मेट्रोपॉलिटन बुधवारी, ताजमहाल शुक्रवारी. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून रविवारी बंद. जगभर बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात. हे काम तेरा वर्षांच्या मुलाला द्या. पाच दिवसांचा तक्ता काढून कुठल्या वारी काय बंद ते त्याने भरायचं. त्यात खरी जबाबदारी आहे. तो चुकला तर सगळेच बंद दारासमोर उभे राहणार, हे त्याला कळतं. (एकदा तुम्हीही हळूच तपासून घ्या. त्याला सांगू नका.)

दिवसाचा आराखडा करताना मी एक खुंटी ठोकते आणि बाकीचा दिवस तिला टांगते. खुंटी म्हणजे वेळ ठरलेली, तिकीट काढलेली एकच गोष्ट. तिच्या आधी आणि नंतर काय करायचं ते त्या दिवशी, हवा आणि मनःस्थिती पाहून ठरवायचं. दोन खुंट्या ठोकल्या की पहिलीच्या मध्यावर कुणीतरी घड्याळ पाहायला लागतं आणि ते बहुतेक वेळा आईवडीलच असतात. काही ठिकाणी मात्र आधी तिकीट काढण्यावाचून पर्याय नाही, आणि तिथे ढिलाई चालत नाही. स्पेनमध्ये ग्रॅनाडाच्या अल्हाम्ब्रा राजवाड्यात नासरी महाल या भागाची वेळ तिकिटावर छापलेली असते, ती चुकली की आत सोडत नाहीत. अ‍ॅमस्टरडॅममधल्या अ‍ॅन फ्रँक या नाझींपासून लपून राहिलेल्या ज्यू मुलीच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात. दर मंगळवारी सहा आठवडे पुढची तिकिटं खुली होतात आणि भराभर संपतात.

हे घर मी किशोरवयीन मुलांच्या यादीत आवर्जून ठेवते. अ‍ॅनला डायरी मिळाली ती तेराव्या वाढदिवशी, १२ जून १९४२ ला. पुढच्याच महिन्यात कुटुंब लपलं आणि ४ ऑगस्ट १९४४ ला पकडलं गेलं तेव्हा ती पंधराची होती. तुमची मुलं बरोबर त्याच वयाच्या आसपास आहेत. तिथे पालकांनी काही समजावून सांगायची गरज पडत नाही, आणि सांगूही नये.

संग्रहालयांबद्दल जरा थांबते, कारण शहराच्या सहली सगळ्यात जास्त तिथेच फसतात. संग्रहालयात येणाऱ्या थकव्याबद्दल बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयातल्या बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी १९१६ मध्येच लेख लिहिला होता. वाकून, मान उंचावून, पाट्या वाचताना माणूस कसा थकतो, हे त्यांनी फोटोंसह दाखवलं. मोठी माणसं थकवा लपवतात, मुलं बाकावर बसतात. लूव्रमध्ये पस्तीस हजारांच्या आसपास वस्तू मांडलेल्या आहेत. एकेकीला दहा सेकंद दिले तरी न थांबता, न झोपता चार दिवस लागतील. म्हणजे ‘लूव्र पाहिलं’ असं कुणीच म्हणू शकत नाही. मग मुलांनी नव्वद मिनिटांत बाहेर पडायचं म्हटलं तर बिघडलं कुठे?

माझी पद्धत अशी. आदल्या रात्री प्रत्येकाने संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून तीन वस्तू निवडायच्या. का निवडल्या हे सांगायची सक्ती नाही. सगळ्यांनी मिळून त्या बारा वस्तू शोधायच्या, नकाशा मुलांच्या हातात, आणि नव्वद मिनिटं झाली की बाहेर. कुणाला आणखी थांबायचं असेल त्याने थांबावं, बाकीच्यांनी कॅफेत बसावं. मुलाने निवडलेल्या तिन्ही वस्तू तलवारी निघाल्या तरी हसू नका. मोठ्या संग्रहालयाबरोबर एक छोटं, एकाच विषयाला वाहिलेलंही ठेवा. पॅरिसमध्ये भूमिगत गटारांचं संग्रहालय आहे, लंडनमध्ये वाहतुकीचं, बर्लिनमध्ये पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांच्या मुख्यालयातच उभारलेलं, क्योटोमध्ये एका जुन्या प्राथमिक शाळेच्या इमारतीत २००६ मध्ये सुरू झालेलं मांगा चित्रकथांचं, जिथे पुस्तक कपाटातून काढून तिथेच वाचत बसता येतं. अशा ठिकाणी मी मुलांना आईवडिलांपेक्षा जास्त वेळ रमताना पाहिलं आहे.

तिकिटांच्या बाबतीत या वयाची गंमत अशी की एकच मूल स्टेशनवर मोठं असतं आणि संग्रहालयात लहान. विमानात बाराव्या वर्षापासून पूर्ण भाडं. टोकियोच्या मेट्रोत अर्धं तिकीट प्राथमिक शाळा संपेपर्यंतच. न्यू यॉर्कमध्ये वय विचारतच नाहीत, ४४ इंचांपर्यंत उंची असलेली मुलं मोफत. तुमच्या तेराच्या मुलाला तिथे पूर्ण तिकीट लागणारच. लंडनमध्ये मात्र अकरा ते पंधरा वयाच्या पाहुण्या मुलांना ऑयस्टर या प्रवासाच्या कार्डावर चौदा दिवसांपर्यंत अर्ध्या भाड्याची सवलत घालून मिळते. स्टेशनवर कर्मचाऱ्याकडे मागावी लागते, आपोआप मिळत नाही. उलट लूव्रमध्ये आणि इटलीच्या सरकारी संग्रहालयांत व स्मारकांत, कलोसियमसह, अठरा वर्षांखाली प्रवेश मोफत आहे. प्रवेश मोफत असला तरी वेळेचं आरक्षण लागू शकतं, ते मुलांच्याही नावाने करा. जन्मतारीख असलेलं ओळखपत्र मुलांच्या खिशात हवं. सोळाची मुलगी वीसची दिसते आणि दारावरच्या माणसाला तुमचा शब्द पुरत नाही.

आता मुख्य मुद्दा, निर्णयांची वाटणी. चौघांपैकी प्रत्येकाला अर्धा दिवस द्या. त्या अर्ध्या दिवसाचा धनी तो एकटा. बाकीचे तिघं येणार, नाक न मुरडता. आईवडिलांनाही हा नियम लागू, आणि कसोटी तिथेच असते. मुलगी तीन तास जुन्या कपड्यांच्या दुकानांत घालवेल, मुलगा गेमिंगच्या दुकानात किंवा फुटबॉलच्या स्टेडियमवर नेईल. (स्टेडियम असेल तर सामन्याचा दिवस टाळा, त्या दिवशी आतली फेरी बहुधा नसते.) ‘यासाठी इतक्या लांब आलो का?’ हे वाक्य घरीच ठेवून या. एका मुलाने आपल्या वाट्याचा वेळ मेट्रोच्या एका मार्गावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाण्यात घालवला. वडील आधी वैतागले होते. परतल्यावर मला सांगत होते की शहर कुठे संपतं ते त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. असा वाटा मिळालेली मुलं तुमच्या अर्ध्या दिवसाला बरीच सोशिक होतात. प्रेमाने होतात असं मी म्हणणार नाही, हिशोब असतो तो, पण चालतो.

पैशांचंही तसंच. सहलीभराच्या खाऊ, खरेदी आणि वरखर्चाचे पैसे पहिल्या दिवशी एकदम द्या, उरले तर त्यांचेच. रोज थोडे थोडे दिले की रोज मागणं आणि रोज वाद. दुसऱ्या दिवशीच सगळे उडवले तर भर घालू नका, जेवण तर तुम्ही देतच असता. थोरलीला एकूण अंदाजपत्रकही दाखवायला हरकत नाही. हॉटेलची एक रात्र किती मोलाची आहे हे कळलेली मुलगी टॅक्सीचा हट्ट सहसा धरत नाही.

रस्ता दाखवण्याचं काम दुसऱ्या दिवसापासून मुलांकडे. पहिल्या दिवशी मेट्रोचं कार्ड कसं चालतं, दिशा कशी ओळखायची, हे सगळ्यांनी मिळून पाहा, मग मागे व्हा. मेट्रोचे नकाशे अंतराच्या बाबतीत दिशाभूल करतात, हे मात्र सांगा. लंडनच्या भुयारी रेल्वेत आरेखक असलेल्या हॅरी बेक यांनी १९३१ मध्ये सरळ आणि तिरक्या रेघांचा नकाशा आखला, तो १९३३ मध्ये छापला गेला आणि पुढे जगभरच्या मेट्रोंनी तीच पद्धत उचलली. त्यात स्थानकांचा क्रम खरा असतो, अंतर खरं नसतं. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे अंतर तीनशे मीटरही नाही. जिने उतरून गाडीची वाट पाहण्यापेक्षा चालत लवकर पोहोचता येतं. मेट्रोचा नकाशा आणि रस्त्यांचा नकाशा शेजारी ठेवून ‘चालायचं की गाडी’ हे ठरवायला शिकलेला मुलगा शहरात हरवत नाही. चुकीच्या दिशेच्या गाडीत बसवलं तर दोन स्थानकं गप्प बसा. बहुतेक वेळा त्याचं त्यालाच कळतं, आणि कळलेलं पुन्हा विसरलं जात नाही. विमानतळावर जाताना हा प्रयोग अर्थातच नको.

एकट्याने फिरू देणं याबद्दल पालक घाबरतात, ते स्वाभाविक आहे. पायऱ्या करा. पहिल्या दिवशी दोघांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाणी आणायचं. मग संग्रहालयात तासभर वेगळं. मग दिवसाउजेडी, गजबजलेल्या पायी भागात दोघांनी मिळून दोन तास. सोळाच्या मुलीला शेवटच्या दिवसांत एकटीलाही वेळ द्या. सतत धाकट्याची राखणदार म्हणून पाठवलं तर ते तिला स्वातंत्र्य वाटत नाही, काम वाटतं. भेटायची जागा आणि वेळ ठरलेली, मोबाइल चार्ज केलेला, नकाशा ऑफलाइन उतरवलेला आणि हॉटेलचा पत्ता कागदावर, स्थानिक लिपीतही. मोबाइल बंद पडल्यावर टोकियोत किंवा सोलमध्ये टॅक्सीवाल्याला रोमन लिपीतला पत्ता कळेलच असं नाही. आपत्कालीन क्रमांक तोंडपाठ हवा: युरोपीय संघात आणि भारतात ११२, अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, जपानमध्ये पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत अल्पवयीनांना रात्री ठरावीक वेळेनंतर एकट्याने बाहेर राहायला बंदी असते, तोही नियम आधी पाहा.

गाडीचं दार मध्येच बंद होऊन ताटातूट झाली तर? नियम एकच आणि तो सगळ्यांना आधीच माहीत हवा. जो गाडीत आहे त्याने पुढच्या स्थानकावर उतरून तिथेच थांबायचं. जे फलाटावर राहिले त्यांनी पुढच्या गाडीने त्याच स्थानकावर जायचं. दोघंही एकमेकांच्या दिशेने निघाले की शोधाशोध सुरू होते. जमिनीखाली मोबाइलला रेंज असेलच असं नाही.

मोबाइलवरून भांडू नका. तिकिटं, नकाशे, फोटो, भाषांतर सगळं त्यातच आहे, आणि मुलं तो तुमच्यापेक्षा चांगला चालवतात. बंदी फक्त जेवणाच्या टेबलावर, आणि ती ऑफिसचे मेल पाहणाऱ्या बाबांनाही. मुलांचे फोटो त्यांना न विचारता कुठेही टाकायचे नाहीत, एवढं वचन आईनेही द्यावं.

भूक आणि पाय या दोन गोष्टी मुलांच्या मनःस्थितीवर जितका परिणाम करतात तितका दुसरं काहीच करत नाही. वाढत्या वयात दर तीन तासांनी भूक लागते, आणि ती ‘मला कंटाळा आलाय’ या शब्दांत बाहेर पडते. आधी खायला द्या, मग पुढचं विचारा. शहरात दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं, तेव्हा नवे बूट घालून येऊ नये. दुपारनंतर बसून पाहता येईल असं काही ठेवा. न्यू यॉर्कची स्टेटन आयलंड फेरी ही प्रवासी बोट मोफत आहे, पंचवीस मिनिटांची, आणि स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा वाटेत दिसतो. हाँगकाँग आणि इस्तंबूलच्या रोजच्या प्रवासी बोटींतूनही असंच बसून शहर पाहता येतं. दुमजली बसचा वरचा, पुढचा बाक तर कुठल्याही महागड्या पर्यटन-बसपेक्षा मला बरा वाटतो. उलट, अंगात जोर असेल तेव्हा उंचावर चढवा. आयफेल टॉवरच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या आहेत, लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या सगळ्यात वरच्या सज्जापर्यंत ५२८. पायऱ्यांचं तिकीट आयफेलला लिफ्टपेक्षा स्वस्तही असतं. तेराचा मुलगा पायऱ्या मोजत वर जाईल आणि तुमची वाट पाहत उभा राहील, याचा त्याला होणारा आनंद कमी लेखू नका.

चौघांनी सतत चौघं म्हणून फिरायची गरज नाही. एका दुपारी आई-मुलगा आणि बाबा-मुलगी, दुसऱ्या दुपारी उलट. भावंडं एकमेकांपासून सुटतात आणि घरी कधी निघत नाहीत असे विषय एकट्या मुलाबरोबर चालताना निघतात. समोरासमोर बसून विचारलेल्या प्रश्नाला या वयात उत्तर मिळत नाही, शेजारी चालताना मिळतं. जिथे पालक एकच आहे तिथे एका मुलाला खोलीवर आराम करू द्या आणि दुसऱ्याबरोबर तासभर बाहेर पडा.

आणि ‘आम्ही खोलीवरच थांबतो’ असं कुणी पुन्हा म्हणालं तर? एकदा थांबू द्या, न रागावता. तुम्ही जाऊन या. परतल्यावर काय पाहिलं याचं वर्णन करून त्यांना हळहळायला लावू नका. दुसऱ्या दिवशीही तेच आलं तर आधी खुंट्या मोजा, मग त्यांच्या वाट्याचा अर्धा दिवस खरोखर त्यांचा होता का ते पाहा, आणि तो लगेच पुढे आणा.

शेवटचा अर्धा दिवस मोकळा सोडा. राहून गेलेली ठिकाणं त्यात कोंबण्याचा मोह होतो. त्याऐवजी मुलांना विचारा की आतापर्यंतच्या कुठल्या जागी पुन्हा जायचं आहे. बॅगा हॉटेलच्या काउंटरवर ठेवता येतात. अपार्टमेंट असेल तर मोठ्या स्थानकावरचे लॉकर आदल्या दिवशीच पाहून ठेवा, सुट्टीच्या मोसमात ते दुपारपर्यंत भरतात.